म्युनिकचा बर्च आणि रत्नागिरीचा फणस

पत्र: मी मूळची रत्नागिरीची, गेली आठ वर्षं म्युनिकला राहते. पहिली दोन वर्षं काही त्रास नव्हता. तिसऱ्या वर्षापासून फेब्रुवारी सरला की शिंका, नाक गळणं, डोळ्यांना आणि टाळूला खाज सुरू होते. एप्रिलमध्ये तर घराबाहेर पडवत नाही. आईने फोनवर दही, केळी, भात बंद करायला सांगितलं. इथल्या एका मैत्रिणीने दूध कफ करतं म्हणून सोडायला लावलं, मी सोया दूध सुरू केलं. मागच्या एप्रिलमध्ये ते मोठा ग्लासभर प्यायले तेव्हा ओठ सुजले आणि घसा आवळल्यासारखा झाला. घरबसल्या रक्ताची तपासणी मागवली, तिच्यात एक्केचाळीस पदार्थ ‘टाळा’ म्हणून आले. गहू, तूर, अंडं, शेंगदाणे, सगळं. सफरचंद, कच्चं गाजर, भिजवलेले बदाम खाल्ले की तोंडात खाज येते. मे महिन्यात माहेरी फणसाचे गरे खाल्ले तर तसंच झालं, आणि मी तर फणसावर वाढलेली! बाटलीतल्या सफरचंदाच्या रसाने मात्र काही होत नाही. सकाळची अ‍ॅलर्जीची फेक्सोफेनाडीनची गोळी मी त्याच्याबरोबरच घेते, पण ती फारशी लागू पडत नाही. माझं वजन सहा किलो उतरलंय. पाच वर्षांच्या मुलीलाही हेच पथ्य लावलंय. तिला काही होत नाही, पण पुढे होऊ नये म्हणून. लोक म्हणतात इथला स्थानिक मध खा. मी नक्की काय खाऊ?

उत्तर:

ताई, सोया दुधाचं वाक्य तुम्ही पत्रात मधेच कुठेतरी लिहिलंय, पण मी तिथेच थांबले. बाकी सगळं नंतर बोलू. सोया दूध आजपासून बंद. सोया प्रोटीनची पावडर, ती घातलेली शेक आणि बार, हेही बंद. ओठ सुजणं आणि घसा आवळणं ही तोंडातल्या खाजेपेक्षा वेगळ्या पायरीवरची गोष्ट आहे. पुन्हा कधी कशानेही असं झालं, सोबत आवाज घोगरा झाला, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या, उलट्या झाल्या किंवा चक्कर आली, तर घरी गोळी घेऊन वाट पाहत बसू नका. ११२ ला फोन करा. आणि येत्या आठवड्यात अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांची वेळ घ्या, हंगाम संपेपर्यंत थांबू नका. त्यांना सोयाचा प्रसंग आधी सांगा, नाकाचं नंतर. ‘ग्लाय एम ४’ या सोयातल्या एका प्रथिनाची वेगळी तपासणी करता येईल का, हे विचारा. सोयाची नेहमीची ढोबळ तपासणी अशा रुग्णांमध्ये पुष्कळदा निर्दोष येते आणि माणूस निर्धास्त होऊन पुन्हा पितो, म्हणून हे नाव कागदावर लिहूनच न्या.

आता हे सगळं कुठून आलं ते सांगते, कारण ते एकदा कळलं की तुमचं अर्धं पथ्य आपोआप गळून पडेल.

तुम्ही दिलेलं वेळापत्रक बोलकं आहे. म्युनिकच्या परिसरात हेझल आणि आल्डर ही झाडं थंडी संपायच्या आतच फुलायला लागतात आणि मार्चअखेरपासून मेच्या सुरुवातीपर्यंत बर्चचा बहर असतो. तिन्ही एकाच कुळातली, तिन्हींचे पराग वाऱ्यावर उडणारे. आपल्याकडे ज्याच्या सालीवर पोथ्या लिहायचे तो हिमालयातला भूर्ज, म्हणजे भूर्जपत्राचा भूर्ज, या बर्चचाच सख्खा भाऊ. रत्नागिरीत मात्र यातलं एकही झाड नाही. तुमच्या शरीराने हा पराग पहिल्यांदा पाहिला तो म्युनिकला आल्यावर. अशा नव्या परागाशी वैर धरायला शरीराला बहुधा एक-दोन हंगाम लागतात. तेवढ्या काळात ते आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतं, ती नाकाडोळ्यांतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात, आणि पुढच्या वेळी पराग आला की त्या पेशींतून खाज आणि शिंका आणणारं हिस्टामिन बाहेर पडतं. दोन वर्षं शांत आणि तिसऱ्या वर्षी शिंका, हे असं घडतं.

बर्चच्या परागातलं ज्या प्रथिनावर हे वैर असतं, त्याला ‘बेट व्ही १’ म्हणतात. त्याचं जनुक व्हिएन्नातल्या संशोधकांनी १९८९ मध्ये वेगळं काढलं, आणि मग हळूहळू लक्षात आलं की जवळजवळ तशाच घडणीची प्रथिनं वनस्पतीजगतात जागोजागी आहेत: सफरचंदात, नासपतीत, पीच आणि चेरीत, गाजरात, हेझलनटमध्ये, बदामात, सोयाबीनमध्ये. तुमची प्रतिपिंडं बर्च ओळखायला शिकली आहेत, पण त्यांना चेहऱ्यातलं साम्य फसवतं. सफरचंदाचा घास तोंडात गेला की त्यांना वाटतं बर्चच आला. मध्य युरोपात बर्चची अ‍ॅलर्जी असलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना यातल्या कुठल्या ना कुठल्या पदार्थाने तोंडात खाज येते. तुम्ही जगावेगळ्या नाही आहात.

म्हणजे आईने आणि मैत्रिणीने धरलेला धागा उलट्या टोकाचा होता. अन्नामुळे तुमचं नाक गळत नाहीये. परागामुळे तुमचं तोंड खाजतंय. नाकासाठी दही-भात सोडून काही साधणार नाही, आणि तोंडासाठी मोजकेच पदार्थ सांभाळायचे आहेत.

फणसाचं कोडंही इथेच सुटतं, आणि तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त ते भिडलं. फणसातही बेट व्ही १ सारखं प्रथिन आहे. २००४ मध्ये याचा रीतसर अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. तुमच्या परसातला फणस होता तसाच आहे. लहानपणी तुमच्याकडे बर्च ओळखणारी प्रतिपिंडं नव्हती, म्हणून गरे नुसते गोड लागायचे. कोकणातून थंड मुलखात गेलेल्या माणसाला असं व्हावं, हे कळलं तेव्हा मलाही वाईट वाटलं होतं. अजून एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल, कारण जर्मन यादीत ती सहसा नसते: मूग. मुगातही तसं प्रथिन सापडलं आहे. मोड आलेले कच्चे मूग लिंबू पिळून खायची सवय असेल तर हंगामात ती सोडा. उसळ, वरण, खिचडी मात्र खुशाल खा.

का, तर हे प्रथिन फार नाजूक आहे. उष्णतेने त्याची घडी मोडते आणि मग प्रतिपिंडांना ते ओळखू येत नाही. पोटातलं आम्ल आणि पाचक रसही त्याला चटकन तोडतात, म्हणून त्रास बहुतेक वेळा ओठ, जीभ, टाळू यांच्यापुरता राहतो आणि अर्ध्या-एक तासात ओसरतो. बाटलीतल्या सफरचंदाच्या रसाने तुम्हाला काही होत नाही, कारण तो भरताना तापवलेला असतो. उत्तर तुमच्या हातातच होतं.

तेव्हा स्वयंपाकघरात एवढं करा. गाजराची कोशिंबीर आवडत असेल तर गाजर किसून चांगलं वाफवून घ्या आणि वरून मोहरी-हिंगाची फोडणी द्या. गाजर हलवा बिनधास्त. सफरचंद फोडी करून दालचिनी घालून शिजवा. तिथल्या दुकानातला आपफेलमुस हाही शिजवलेलाच गर. कच्चं खायची फारच इच्छा झाली तर हंगामाबाहेर, साल काढून, एक फोड. सालीत हे प्रथिन जास्त असतं. जातीजातींतही फरक आहे: गोल्डन डिलिशस अशा लोकांना जास्त बाधतं, सांताना नावाची जात बऱ्याच जणांना सोसते. बटाटे किंवा गाजरं सोलताना हात खाजत असतील किंवा शिंका येत असतील तर तेही याचंच आहे. हातमोजे घाला, शिजल्यावर काही होत नाही.

दोन गोष्टींत मात्र ‘शिजवलं की चाललं’ हा नियम लावू नका. पहिली सेलरी, तिथली झेलेरी. तिच्यातली काही प्रथिनं शिजूनही टिकतात, आणि जर्मन सूप, रस्से, तयार मसाले यांत ती सर्रास असते. युरोपीय संघात पाकिटावर ज्या चौदा अ‍ॅलर्जीकारक पदार्थांचा ठळक उल्लेख सक्तीचा आहे त्यांत सेलरी आहे, त्यामुळे वाचून घेता येईल. तिने आजवर काही झालं नसेल तर बंद करायचं कारण नाही, फक्त लक्ष असू द्या. दुसरी गोष्ट सुक्यामेव्याची. बदामाने फक्त तोंड खाजत असेल तर बहुधा बर्चचंच काम आहे, आणि भाजलेले बदाम पुष्कळांना चालतात. पण खऱ्या बदामाच्या किंवा हेझलनटच्या अ‍ॅलर्जीत भाजून काही फरक पडत नाही आणि ती जिवावर बेतू शकते. हा फरक घरी चाखून करायचा नाही. तपासणी होईपर्यंत भिजवलेले काय आणि भाजलेले काय, बदाम आणि हेझलनट बाजूला ठेवा. हेझलनट चॉकलेटात आणि केकमध्ये लपलेलं असतं.

सोया दूध इतकं वेगळं का वागलं, तेही सांगते. सफरचंदाचा घास आपण चावतो, खाज आली की थांबतो. द्रव पदार्थ घटाघट पोटात जातो. थांबायच्या आत पुष्कळ प्रथिन एकदम गेलेलं असतं. त्यात एप्रिल, म्हणजे प्रतिपिंडं आधीच खवळलेली. उपाशीपोटी, व्यायामाच्या आगेमागे किंवा आम्लपित्ताची गोळी चालू असताना हा त्रास वाढू शकतो. जर्मनीत बर्चच्या रुग्णांना सोया प्रोटीनच्या पेयाने गंभीर त्रास झाल्याच्या नोंदी २००२ पासून आहेत. तुम्ही दूध सोडून सोया घेतलं ते चांगल्या हेतूने, म्हणून याबद्दल स्वतःला बोल लावून घेऊ नका.

आणि ज्या दुधासाठी हे झालं त्याचा दोष तर नव्हताच. दुधाने कफ वाढतो का, हे ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड इथे १९९० मध्ये तपासलं गेलं. साठ निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम सर्दीचा विषाणू दिला, ते रोज किती दूध पितात याची नोंद ठेवली, आणि नाकातून येणारा स्राव चक्क तोलला. जास्त दूध पिणाऱ्यांचा स्राव जास्त भरला नाही. दूध प्यायल्यावर घशात दाटसर वाटतं हे खरं आहे. ते दुधाचा स्निग्धांश आणि लाळ मिसळून वाटतं. कफ त्याने तयार होत नाही. दूध, दही, ताक पूर्ववत करा. ताक थंड घेऊन घसा धरत असेल तर साध्या तापमानाचं घ्या, पण घ्या.

केळ्याचं नातं बर्चशी नाही, रॅगवीड नावाच्या, तिथल्या उन्हाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या तणाशी आहे. केळं खाऊन तोंड खाजत नसेल तर रोज खा. धने, जिरं, बडीशेप यांचं नाव तुम्ही कुठे वाचलं असेल तर तेही दुसऱ्या एका तणाच्या, मगवर्टच्या खात्यातलं आहे. त्याचा हंगाम जुलै-ऑगस्टचा. तुमचा त्रास फेब्रुवारीअखेर सुरू होऊन एप्रिलमध्ये वाढणारा, तेव्हा गोडा मसाला डब्यातच राहू द्या. भाताचा तर कशाशीच संबंध नाही. आंबा खाऊन काही होत नसेल तर मनसोक्त खा. देठाच्या चिकाने ओठांभोवती एक-दोन दिवसांनी जे पुरळ येतं, तो निव्वळ कातडीचा त्रास आहे. देठाकडचा भाग धुऊन, कापून टाकला की झालं. मिसळ खाताना नाक वाहतं तीही अ‍ॅलर्जी नव्हे, तिखटाने नाकातल्या नसा चेतवल्या जातात.

तुमच्या त्या एक्केचाळीस पदार्थांच्या कागदाबद्दल मला राग येतो, तुमचा नव्हे, त्या कागदाचा. असे कागद घेऊन खंगलेली माणसं माझ्याकडे येतात. या तपासण्या आयजीजी नावाची वेगळ्या प्रकारची प्रतिपिंडं मोजतात, अ‍ॅलर्जीतली आयजीई नव्हे. आपण जे नेहमी खातो त्याच्याविरुद्ध आयजीजी निरोगी माणसातही असतात. शरीराला तो पदार्थ ओळखीचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून तुमच्या यादीत गहू, तूर, अंडं आलं. तुम्ही रोज वरणपोळी खाता, म्हणून! अन्नाची अ‍ॅलर्जी ठरवायला ही तपासणी वापरू नये, असं युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ मध्येच लिखित कळवलं आहे. तो कागद फाडा. गहू, तूर, अंडं, शेंगदाणे यांतलं काही खाऊन तुम्हाला कधी प्रत्यक्ष त्रास झाला आहे का? नसेल, तर आज रात्रीच आमटी-भात, पोळी, तूप, सगळं ताटात येऊ द्या. सहा किलो वजन उतरलेल्या बाईने हिमोग्लोबिन, बी १२ आणि डी जीवनसत्त्व एकदा तपासून घ्यावं, हेही डॉक्टरांच्या त्याच भेटीत सांगा.

मुलीचं पथ्य आज सोडा, ताई. यात मी आर्जव करते आहे. तिला त्रास नाही, आणि पदार्थ टाळल्याने परागाची अ‍ॅलर्जी टळत नाही. वाढीच्या वयात दूध, अंडं, डाळ, गहू काढून घेतल्याने मात्र नुकसान नक्की होतं. क्रीट बेटावर सात ते अठरा वयाच्या ६९० मुलांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. फळं, भाज्या, सुकामेवा असा तिथला पारंपरिक आहार जास्त पाळणाऱ्या मुलांमध्ये नाकाच्या अ‍ॅलर्जीची लक्षणं कमी दिसली. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, पण मुलांच्या ताटातून पदार्थ कमी करण्याच्या बाजूने तिच्यात काहीही नाही. तिला सफरचंद सालीसकट खाऊ द्या. कधी ‘तोंडात टोचतंय’ म्हणाली तर तेव्हा बघू.

मधाचं. कल्पना अशी की स्थानिक मधात स्थानिक पराग, तो थोडा थोडा पोटात गेला की सवय होईल. पण मधमाशी जाते ती फुलांवर, तिथला पराग जड आणि चिकट. तुम्हाला छळणारा बर्चचा पराग वाऱ्यावरचा; मधात तो असला तर नावापुरता. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये छत्तीस लोकांवर हे पाहिलं गेलं: काहींना स्थानिक मध, काहींना दुसरीकडचा, काहींना मधाच्या चवीचा पाक. तिन्ही गटांत फरक पडला नाही. फिनलंडमध्ये मधात मुद्दाम बर्चचा पराग मिसळून दिला तेव्हा काहींना आराम पडला होता, पण दुकानातली बाटली म्हणजे तो मध नव्हे. चवीसाठी चमचाभर घ्या. ‘बी पोलन’ म्हणून पिवळे दाणे विकतात ते मात्र अजिबात घेऊ नका. परागाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना त्याने तीव्र झटके आलेले आहेत. हळद-दूध रात्री घेत असाल तर घ्या. हळदीच्या किंवा क्वेरसेटिनच्या महागड्या कॅप्सूलवर पैसे घालण्याइतका भक्कम पुरावा नाही. मद्य घेत असाल तर बहराच्या आठवड्यांत टाळा. वाइन-बिअरने नाक आणखी चोंदतं.

तुमच्या आहारातली नाकाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी चूक वेगळीच आहे, आणि ती तुम्ही सहज लिहून गेलात. फेक्सोफेनाडीन फळांच्या रसाबरोबर घ्यायची नसते. सफरचंद, संत्रं, ग्रेपफ्रूट यांच्या रसाने ती आतड्यात नीट शोषलीच जात नाही. तिच्या माहितीपत्रकातही पाण्याबरोबर घ्या असं असतं. उद्यापासून साध्या पाण्याने घ्या आणि रस घ्यायचाच तर काही तासांनी. नाक चोंदणं गोळीने पूर्ण जात नाही; त्यासाठी नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा जास्त उपयोगी, पण तो रोज, न चुकता, आणि बहर सुरू व्हायच्या आठवडा-दोन आठवडे आधीपासून. जर्मन हवामान खातं आठ परागांचा रोजचा अंदाज देतं, त्यातला बर्च बघून ठरवता येतं. या काळात कपडे गॅलरीत वाळत घालू नका आणि रात्री केस धुऊन झोपा. परागाची इम्युनोथेरपी, म्हणजे त्याचा अंश थोडा थोडा देऊन शरीराला सवय लावणं, साधारण तीन वर्षं चालते आणि नाकाला तिचा चांगला फायदा होतो. सफरचंद, फणस यांच्या बाबतीत ती कुणाला उपयोगी पडते, कुणाला नाही, तेव्हा ती नाकासाठी घ्या. त्वचेवरची चाचणी करायची असेल तर त्याआधी काही दिवस ही गोळी बंद ठेवावी लागते. किती दिवस ते वेळ घेतानाच विचारा.

आईला फोन कराल तेव्हा तिला सांगा की दही-भात परत सुरू केलाय, ती सुखावेल. आणि मे महिन्यात माहेरी जाल तेव्हा, तपासणीनंतर डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर, तिला बरक्या फणसाची सांदणं करायला सांगा. रस, रवा, गूळ, आणि चांगली दणदणून वाफ. पहिल्या दिवशी अर्धंच सांदण खा, तासभर थांबा, घरात कुणीतरी सोबत असू द्या. काही झालं नाही तर दुसऱ्या दिवशी नारळाच्या रसाबरोबर पूर्ण खा, आणि मला कळवा.